दक्षिण आफ्रिकेतून नेदरलँड्समध्ये राहायला येताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जोहान्सबर्ग, प्रिटोरिया, केप टाउन किंवा डर्बन सोडून नेदरलँड्समध्ये आलेल्या कुटुंबांना बस्तान बसवायला मदत करणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यांत डच वसाहतवाल्यांचे वंशज असलेले गोरे आफ्रिकानर असतात, केपची मिश्र वंशाची, कलर्ड म्हणवणारी कुटुंबं असतात, झुलू आणि सोथो तरुण इंजिनिअर असतात, डर्बनचे चौथ्या-पाचव्या पिढीतले भारतीय असतात. जोहान्सबर्गच्या सँडटन भागात बरीच वर्षं नोकरी करून इकडे वळलेली मराठी मंडळीही असतात. या शेवटच्यांसाठी, आणि त्यांच्या पुण्या-नागपुरातल्या काळजीवाहू नातेवाइकांसाठी, हे मराठीत लिहिलं आहे. नियम आणि रकमा बदलत राहतात. कशावरही सही करण्याआधी सरकारी माहिती एकदा ताडून घ्या.

आमच्या घरी आफ्रिकान्स बोलतात. मग डच अर्धं आलंच ना?

वाचण्यापुरतं, हो. दुकानातली पाटी, ट्राममधली सूचना, नगरपालिकेचं पत्र पहिल्याच आठवड्यात साधारण लागतं. आफ्रिकान्स सतराव्या शतकातल्या डचमधूनच वाढली. १६५२ मध्ये यान फान रीबेक डच ईस्ट इंडिया कंपनीचं ठाणं वसवायला केपला उतरला. पुढे तिथल्या मूळच्या खोइखोई लोकांच्या आणि आशिया-आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या तोंडी ती भाषा घोळत गेली, क्रियापदांची रूपं गळाली, नामांचा लिंगभेद गेला. १९२५ मध्ये तिला सरकारी दर्जा मिळाला. डचमध्ये मात्र त्यातली बरीचशी रूपं अजून शाबूत आहेत. त्यामुळे तुमचं आफ्रिकान्स इथल्या माणसाला कळतं, पण कानाला लहान मुलाच्या बोलण्यासारखं लागतं. तो कौतुकाने हसतो. बाजारात ते हसू गोड वाटतं, पगारवाढीच्या चर्चेत नाही.

खरा तोटा वेगळाच आहे. ‘आपल्याला येतंच की’ म्हणून लोक वर्गाला जात नाहीत. पोलंडहून आलेला सहकारी शून्यापासून सुरुवात करून काही वर्षांत व्यवस्थित डच ई-मेल लिहू लागतो, आणि ब्लूमफाँटेनचा माणूस तेवढ्याच काळात आफ्रिकान्सला डच उच्चारांचा रंग देत तिथेच राहतो. आल्या आल्या वर्ग लावा. शिक्षिकेला सांगा की बोलण्यात चुका काढल्या तरी चालेल. न सांगितलं तर ‘कळतंय की’ म्हणून ती सोडून देते.

आणखी एक गोष्ट आफ्रिकानर नवरा-बायकोच्या लक्षात येत नाही, पण जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या काळ्या लोकांच्या वस्तीत वाढलेल्यांच्या येते. १६ जून १९७६ ला तिथली मुलं शाळेत आफ्रिकान्स लादली म्हणून रस्त्यावर उतरली आणि पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली. ज्यांच्या घरात ही भाषा म्हणजे पोलिसाचा आणि मालकाचा आवाज, त्यांना रेल्वेच्या डब्यात चारही बाजूंनी तशीच भाषा कानावर पडली की सुरुवातीला पोटात गोळा येतो. इंग्रजीतून तुमचं काम इथे सहज चालेल. डच शिकावंसं वाटेपर्यंत थोडा वेळ घेतलात तर कुणाला त्याचा हिशेब द्यायची गरज नाही.

इथली माणसं एवढी तुटक का बोलतात?

दक्षिण आफ्रिकेत पेट्रोल पंपावरसुद्धा आधी ‘कसे आहात’ होतं, मग टाकी. झुलू घरात तर विचारपूस न करता कामाचं काढणं हा उघड अपमान. इथे गल्ल्यावरचा मुलगा पावती हवी का एवढंच विचारतो, तेही पुढच्या गिऱ्हाइकाचं सामान सरकवत. त्याच्या मनात तुमच्याविषयी काही नसतं. तुमचा वेळ वाया घालवू नये, हीच त्याची सभ्यता.

याचाच दुसरा भाग म्हणजे तोंडावर बोलणं. ‘तुझं सादरीकरण मला पटलं नाही’ हे दहा जणांसमोर ऐकावं लागतं, आणि तोच माणूस अर्ध्या तासाने डबा खायला शेजारी येऊन बसतो. दक्षिण आफ्रिकी माणूस नकाराला दहा गोधड्यांत गुंडाळून देतो. त्याला हे महिनाभर बोचत राहतं. एक उपाय लागू पडतो: त्याच बैठकीत, त्याच सुरात, ‘का पटलं नाही?’ असं विचारा. ती उद्धटपणाची नव्हे, रसाची खूण मानली जाते. (पुणेकरांना हे तितकं जड जात नाही असं माझं निरीक्षण आहे. नागपूरकरांना जातं.)

ऑफिसात साहेब कोण तेच कळत नाही. काय करायचं?

कळणारही नाही. साहेब सायकलवरून येतो, स्वतःची कॉफी स्वतः आणतो, त्याला सगळे पहिल्या नावाने हाक मारतात. निर्णय एकट्याने घेत नाही. ज्याचा म्हणून संबंध आहे त्या प्रत्येकाला विचारलं जातं, आणि ही गुऱ्हाळं आठवडे चालतात. निर्णय झाल्यावर मात्र तो बदलत नाही. दक्षिण आफ्रिकी माणसाचं बळ नेमकं उलट: वीज गेली, माल अडकला, तरी काहीतरी जुगाड करून संध्याकाळपर्यंत काम उभं करायचं. इथे तुमचा जुगाड पाहून कौतुक कमी आणि ‘हे कुणाशी बोलून ठरवलंस?’ हा प्रश्न जास्त येतो. आधी बोला, मग करा.

पाच वाजता ऑफिस रिकामं होतं. आठवड्याला चार दिवस काम करणारे बाप पुष्कळ आहेत, आणि रात्री नऊला ई-मेल पाठवणाऱ्याला कामसू म्हणत नाहीत, त्याला कामाचं नियोजन जमत नाही असं समजतात.

खरंच रात्री एकटं फिरता येतं का? खिडक्यांना गज नाहीत, भिंती नाहीत, झोप कशी येईल?

सुरुवातीला येत नाही, आणि याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

जोहान्सबर्गच्या बऱ्याशा उपनगरातलं घर म्हणजे उंच भिंत, तिच्यावर विजेची तार, सरकतं फाटक, खिडक्यांना गज, झोपायच्या खोल्यांकडे जाणाऱ्या बोळात आणखी एक लोखंडी दार, आणि बटण दाबलं की बंदूक घेऊन येणारी खासगी कंपनीची गाडी. सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचं, काच खाली करायची नाही, पर्स सीटखाली. हे नियम कुणी शिकवलेले नसतात. अंगात मुरलेले असतात. मग माणूस इथल्या हारलेम शहरात येतो. दिवाणखान्याची भलीमोठी काच थेट फुटपाथवर, पडदे उघडे, आतलं कुटुंब टीव्ही बघताना येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतंय. दार एकच.

डोक्याला पटतं की इथे धोका कमी आहे. अंगाला पटत नाही. मागून सायकल आली की खांदे आखडतात. रात्री फ्रिजची मोटर सुरू झाली की जाग येते. बायका सांगतात की महिनोन्‌महिने त्या किल्ली बोटांत धरूनच चालत होत्या. काही पुरुषांना घराची राखण करणं हेच आपलं काम वाटत आलेलं असतं. ते काम गेल्यावर ते चिडचिडे होतात, आणि घरच्यांना त्याचं कारण कळत नाही. ज्यांच्या घरी दरोडा पडला होता किंवा ज्यांची गाडी बंदुकीच्या धाकाने नेली होती, त्यांना तर इथल्या शांततेतच ते सगळं वर येतं, कारण तिकडे आठवायला उसंतच नव्हती. हे झालं तर आपल्या डॉक्टरकडे जाऊन स्पष्ट सांगा. मानसोपचारासाठी त्याची चिठ्ठी लागते आणि रांग लांब असते, म्हणून लवकर जा.

उलट टोकाचीही माणसं भेटतात. इथे काहीच होत नाही म्हणून सायकलला कुलूप लावत नाहीत. ती सायकल त्यांना पुन्हा दिसत नाही.

मुलांचं वेगळं. बारा वर्षांची मुलगी तीन महिन्यांत एकटी सायकलने शाळेत जायला लागते आणि तिला परत कधी गाडीत बसवून सोडता येत नाही. आई-बापांपेक्षा मुलांना हे स्वातंत्र्य लवकर पचतं. प्रिटोरियातली आजी व्हिडिओ कॉलवर ‘तिला एकटीला सोडलंत?’ असं विचारते, तेव्हा तिला समजावत बसू नका. पुढच्या वेळी ती इथे आली की तिलाच सोबत पाठवा.

घरकामाला बाई, बागेला माळी?

नाही. तासावर सफाई करणारी माणसं मिळतात, पण त्यांचा दर पाहून बहुतेक जण स्वतःच झाडू हातात घेतात. पेट्रोल स्वतः भरायचं, सामान स्वतः पिशवीत भरायचं, फर्निचर स्वतः जोडायचं. बाटल्या आणि डबे दुकानातल्या यंत्रात परत दिले की अनामत मिळते: लहान बाटलीला आणि डब्याला १५ सेंट. तिकडे मध्यमवर्गीय घरसुद्धा दुसऱ्याच्या स्वस्त श्रमावर उभं असतं, हे इथे आल्यावर पाठीच्या कण्याला कळतं. संसारातली भांडणं मला सर्वांत जास्त याच विषयावर ऐकू येतात, हवेवर नाही. कपडे कोण वाळत घालणार हे विमानात बसण्याआधी ठरवा.

इन्व्हर्टर आणू का?

नको. भारनियमन नाही. व्होल्टेज तेच, २३०. पिना मात्र बदलाव्या लागतील: दक्षिण आफ्रिकेतली तीन जाड गोल पिनांची जोडणी (आपल्याकडे गीझरला असते तीच) इथल्या भिंतीत बसत नाही.

जेवायला बोलावलं आणि एकच बिस्किट दिलं. हे काय?

जेवायला बोलावलं नव्हतं, कॉफीला बोलावलं होतं. दोन्ही इथे काटेकोरपणे वेगळं. संध्याकाळचं जेवण सहाच्या सुमारास, ठरवून, मोजून शिजवलेलं. न सांगता कुणाकडे जायचं नाही. भेट तीन आठवडे पुढची ठरते, आणि ती रद्द होत नाही. ब्रायला, म्हणजे निखाऱ्यांवर मांस भाजायच्या मेजवानीला, येताना शेजाऱ्याचा पाहुणाही आपसूक येतो, अशी सवय असलेल्यांना हे कंजुषीचं वाटतं. माझ्या मते हा कंजुषीचा प्रकार नाही, पण त्यात ऊब कमी आहे हे मान्य करायला हरकत नाही.

वाढदिवसाला खुर्च्या गोलाकार मांडतात, आणि तुम्ही ज्याचा वाढदिवस आहे त्याचंच नव्हे, त्याच्या आईचं, बायकोचं, मेहुण्याचंही अभिनंदन करत फिरायचं असतं. ऑफिसात केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा. बाहेर जेवलात की दुसऱ्या दिवशी मोबाइलवर तुमच्या वाट्याची मागणी येते, कधी तीन युरो चाळीस सेंटचीसुद्धा. ती पाठवणाऱ्याला त्यात लाज नाही, तुम्हीही ती बाळगू नका. हॉटेलात दक्षिण आफ्रिकेसारखी दहा-पंधरा टक्के बक्षिसी अपेक्षित नसते. रक्कम वरच्या आकड्याला नेली की पुरते.

बिल्टाँग (सुकवलेलं मांस) बॅगेत घालून आणता येईल?

नाही. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाने मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. शिपोल विमानतळावर बॅग उघडली तर ते कचऱ्यात जातं आणि दंडही होऊ शकतो. सुकवलेलं आहे, हवाबंद आहे, आईने केलंय, यातलं काहीही चालत नाही. बिल्टाँग आणि बूरवोर्स (तिकडचं सॉसेज) इथेच बनवणारे दक्षिण आफ्रिकी खाटीक आहेत. रॉयबॉस चहा कुठल्याही किराणा दुकानात मिळतो. केपचं जेवण आवडणाऱ्यांना इंडोनेशियन दुकानांत अर्धं माहेर सापडतं: सांबल (मिरचीची चटणी), आचार, मसाले. केपला गुलाम करून नेलेले अनेक जण त्याच डच जहाजांतून इंडोनेशियातून आलेले होते, म्हणून हा चवीचा सांधा.

ब्राय करा, पण सदनिकेच्या बाल्कनीत कोळसा पेटवण्याआधी इमारतीचे नियम वाचा.

हिवाळा सोसवेल का?

थंडी सोसते, अंधार सोसत नाही. जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे १,७५० मीटर उंच, तिथला हिवाळा कोरडा आणि लख्ख उन्हाचा. ॲमस्टरडॅम ५२ अंश उत्तरेला. डिसेंबरात सूर्य पावणेनऊनंतर उगवतो, साडेचारला मावळतो, आणि मधल्या वेळातही तो दिसेलच असं नाही. घरातली थंडी मात्र उलट इथे कमी. जुलैत जोहान्सबर्गच्या बिनहीटरच्या घरात स्वेटर घालून झोपलेली माणसं इथे जानेवारीत टी-शर्टवर वावरतात.

सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या लोकांनी ‘ड’ जीवनसत्त्वाची गोळी घ्यावी असा डच आरोग्य परिषदेचाच सल्ला आहे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडा. पावसाचे कपडे चांगले घ्या, छत्रीवर पैसे घालवू नका. वारा तिला ठेवत नाही. आणि नाताळ: तिकडे तो पोहण्याचा, समुद्राचा, उघड्या अंगणाचा सण. इथला पहिला नाताळ बहुतेकांना रडवतो. त्या दिवशी एकटे राहू नका, एवढं नक्की ठरवा.

गाडीचं लायसन्स चालतं का? सायकल येत नसेल तर?

नगरपालिकेत नोंद झाल्यापासून १८५ दिवस दक्षिण आफ्रिकी लायसन्स चालतं. त्यानंतर, तुम्हाला बाहेरून बोलावलेल्या कुशल कामगारांची कर-सवलत मिळत असेल तर ते थेट बदलून मिळतं. नसेल तर लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. शिकवणीचा खर्च मोठा आहे. जर्मनीत दक्षिण आफ्रिकी लायसन्स परीक्षेविना बदलतं, म्हणून तिकडच्या मित्राचा सल्ला इथे लागू करू नका. गाडी इथे उजवीकडून चालते, आणि वळताना उजव्या बाजूने सुसाट सरळ जाणारा सायकलस्वार हाच खरा धोका असतो.

सायकल मोठेपणीही शिकता येते. बऱ्याच गावांत प्रौढ बायकांसाठी खास वर्ग असतात. तिकडे सायकल म्हणजे शनिवारी सकाळी महागडे कपडे घालून करायचा खेळ, नाहीतर गरिबीची खूण. इथे पंतप्रधानही ती चालवतो.

डॉक्टर फक्त पॅरासिटमॉल देतात, हे खरं?

बऱ्याच अंशी. तिकडे मेडिकल एड, म्हणजे खासगी आरोग्य विमा, असलेला माणूस थेट त्वचातज्ज्ञाला, हाडांच्या डॉक्टरला फोन करतो. इथे सगळं आधी घरच्या डॉक्टरकडून, म्हणजे हाउसआर्ट्सकडून जातं, आणि तो ‘आठवडाभर थांबून बघू’ म्हणतो. अँटिबायोटिक सहजी देत नाही. काय काय होतंय, किती दिवसांपासून, त्यामुळे कोणतं काम अडतंय, हे लिहून न्या आणि आढेवेढे न घेता सांगा. ‘बरा आहे तसा’ म्हणालात तर तो ते खरं धरतो.

आरोग्य विमा चार महिन्यांच्या आत काढणं सक्तीचं आहे आणि हप्ता मागील तारखेपासून द्यावा लागतो. वर्षाला पहिले ३८५ युरो आपल्या खिशातून. हाउसआर्ट्सच्या भेटी त्यात धरत नाहीत. अठरा वर्षांखालच्या मुलांना हप्ता नाही.

मुलांच्या शाळेचं वर्ष बुडेल का?

वर्ष बुडत नाही, पण आडवं येतं. दक्षिण आफ्रिकेत शाळा जानेवारीत सुरू होते, इथे उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर. त्यामुळे मूल वर्गाच्या मध्यात शिरतं. लहान मुलांना भाषेसाठी वेगळा वर्ग मिळू शकतो, बारा वर्षांवरच्यांना नवागतांच्या शाळेत घालतात. सांभाळायची वेळ हीच: बाराव्या वर्षाच्या आसपास शाळा मुलाला व्यावसायिक, मधला किंवा विद्यापीठाकडे जाणारा असा मार्ग सुचवते. भाषा कच्ची असताना सुचवलेला मार्ग मुलाच्या कुवतीपेक्षा खालचा असू शकतो. तेव्हा शाळेशी वाद घाला. इथे वाद घालणं वाईट समजत नाहीत.

गणवेश नसतो. आफ्रिकान्स घरांत कुठल्याही मोठ्या माणसाला ओम किंवा तानी म्हणायची रीत आहे, आपल्या काका-मावशीसारखी; इथे मुलं शेजारच्या आजोबांनाही नावाने हाक मारतात. तुमच्या घरात तुमची रीत ठेवा, मुलं दोन्ही सांभाळतात. शाळेच्या दिवसांत परस्पर सुट्टी घेऊन केप टाउनला गेलात तर दंड होतो. आणि पोहण्याचं प्रमाणपत्र: घरी तलाव होता, मूल माशासारखं पोहतं, तरी कालव्यांच्या या देशात कपड्यांसकट पोहून दाखवायची परीक्षा बहुतेक मुलं देतात. द्यायला लावा.

वंशभेद इथे आहे का?

आहे, पण त्याबद्दल बोलण्याची पद्धत वेगळी आहे. दक्षिण आफ्रिकेत वर्ण हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. जनगणनेच्या अर्जापासून नोकरीच्या अर्जापर्यंत तो विचारतात, त्यावर भांडतात, विनोद करतात. इथे सरकार वर्णाची नोंदच करत नाही, फक्त तुमचा आणि आई-वडिलांचा जन्म कुठला ते पाहतं. ‘आम्ही रंग बघत नाही’ हे वाक्य डच माणूस मनापासून म्हणतो आणि तिथे चर्चा थांबते. काळे दक्षिण आफ्रिकी मला सांगतात की तिकडे निदान भांडता तरी येत होतं.

पाच डिसेंबरला मुलांना भेटी वाटणाऱ्या सिंटरक्लास या संताचा सण असतो; त्यात त्याचा नोकर काळा पीट म्हणून तोंडाला काळं फासलेली गोरी माणसं वर्षानुवर्षं फिरत. आंदोलनांनंतर बऱ्याच शहरांत आता गालावर काजळीचे फराटे एवढंच उरलंय, पण गावोगावी तो वाद अजून धुमसतो. मूल शाळेत असेल तर नोव्हेंबरातच शिक्षिकेला विचारा की यंदा काय आहे. १ जुलै २०२३ ला राजा विलेम-अलेक्झांडर यांनी गुलामगिरीतल्या डच सहभागाबद्दल माफी मागितली. तरी केपमधली डच गुलामगिरी इथल्या बोलण्यात क्वचितच येते. चर्चा असते ती दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीची, सुरिनामची.

गोऱ्या दक्षिण आफ्रिकी माणसाला पहिल्याच पार्टीत ‘वर्णभेदाच्या काळात तुमच्या घरचे काय करत होते?’ असा प्रश्न येतो. विचारणारा तीस वर्षांचा असतो आणि त्याला उत्तर खरंच हवं असतं. तुम्हीही त्याला घेऊन ॲमस्टरडॅमच्या ट्रान्सव्हालबर्ट वस्तीत चक्कर मारू शकता. इंग्रजांशी झालेल्या बोअर युद्धाच्या काळात डच लोकांना बोअरांचा, म्हणजे आफ्रिकानरांच्या पूर्वजांचा, फार पुळका होता, त्यामुळे तिथले रस्ते त्यांचा नेता क्रूगर आणि त्याच्या साथीदारांच्या नावांचे. पुढे वारं फिरलं. १९७७ मध्ये वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या स्टीव्ह बीकोचा पोलीस कोठडीतल्या मारहाणीने मृत्यू झाला, आणि पुढच्याच वर्षी बोअर नेता प्रिटोरियसच्या नावाचा चौक बीकोच्या नावाचा झाला. १६ जून १९९० ला मंडेलांनी लाइडसे चौकातल्या नाट्यगृहाच्या सज्जातून भाषण केलं, ते ऐकलेली माणसं अजून अभिमानाने सांगतात. क्रूगर आणि बीको, दोन्ही नावं आज त्या वस्तीत हाकेच्या अंतरावर आहेत.

मी डर्बनचा भारतीय. इथे मला सगळे सुरिनामी समजतात. असं का?

कारण गोष्ट जवळपास एकच आहे. तुमचे पूर्वज १८६० पासून उसाच्या मळ्यांवर राबायला नाताळ वसाहतीत, म्हणजे डर्बनच्या प्रांतात, गेले, पहिलं जहाज ‘ट्रुरो’ मद्रासहून. सुरिनामला पहिलं जहाज ‘लाला रुख’ १८७३ मध्ये कलकत्त्याहून पोहोचलं. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र होण्याच्या सुमारास त्यांचे वंशज मोठ्या संख्येने नेदरलँड्सला आले, आणि द हेगमध्ये त्यांची भक्कम वस्ती आहे. तिथल्या मोठ्या बाजारात रोटी, बारा नावाचा वडा, भेंडी, कारली, पूजेचं सामान सगळं मिळतं. डर्बनची मंडळी तिथे पटकन रमतात. पावात करी भरलेला बनी चाव मात्र सहसा मिळत नाही. पाव पोखरून घरीच करावा लागतो.

भारतातून आलेल्यांशी जमायला वेळ लागतो, हे खरं सांगते. ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या ॲमस्टेलवेनच्या आयटीवाल्यांच्या मंडळात ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असं विचारतात आणि ‘डर्बन’ या उत्तराने त्यांचं समाधान होत नाही. केप टाउनच्या कोकणी मुसलमान कुटुंबांना तर हे फारच ऐकावं लागतं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कोकण सोडलेल्या घरातली मुलगी इंग्रजी आणि आफ्रिकान्स बोलते, आणि रत्नागिरीच्या आडनावावरून आपण तिच्याकडून मराठीची अपेक्षा धरतो. जरा दमाने घ्यावं, ही आपल्याच लोकांना विनंती.

कागदपत्रं कोणती?

लांबलचक अर्जासाठी वकील आहेत. मी तीन गोष्टी सांगते. जन्म आणि विवाहाचे दाखले संपूर्ण स्वरूपातले काढा आणि त्यांवर अपोस्टिल, म्हणजे ते परदेशात ग्राह्य धरले जावेत यासाठीचा सरकारी शिक्का, तिकडून निघण्याआधीच करून घ्या. इथून करायला महिने जातात. दीर्घ मुक्कामाचा प्रवेश-व्हिसा निघण्याआधी हवाच. आल्यावर पाच दिवसांत नगरपालिकेत नोंद करायची, त्यातून नागरिक क्रमांक मिळतो. त्याशिवाय पगार, विमा, काहीच सुरळीत होत नाही. नोंदीला चालेल असा पत्ता मिळवणं हेच सगळ्यात अवघड, कारण घरांची टंचाई भयंकर आहे. घर न पाहता अनामत पाठवू नका.

पैशाचं काय? तिकडे कर भरत राहावं लागतं का?

तुम्ही दक्षिण आफ्रिकेचे कर-निवासी राहिलात तर हो. मार्च २०२० पासून परदेशी पगारातले वर्षाला साडेबारा लाख रँडपर्यंतच माफ आहेत, तेही ठरलेले दिवस देशाबाहेर काढले तर. कर-निवास सोडता येतो. तेव्हा मालमत्तेवर निर्गमन कर लागू शकतो आणि निवृत्ती निधी काढायला सलग तीन वर्षं थांबावं लागतं. इथली कुशल कामगारांची सवलत, म्हणजे पगाराचा करमुक्त हिस्सा, २०२६ पर्यंत ३० टक्के, २०२७ पासून २७, जास्तीत जास्त पाच वर्षं. दोन्हीकडचं जाणणारा सल्लागार एकदा गाठाच.

डच नागरिकत्व घेतलं तर दक्षिण आफ्रिकेचं जातं का?

दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने आता नाही. आधी परवानगी न घेता दुसरं नागरिकत्व घेतल्यास आपोआप नागरिकत्व गमावण्याचा नियम तिथल्या घटनात्मक न्यायालयाने मे २०२५ मध्ये रद्द केला, तोही १९९५ पासून मागे जाऊन. अडथळा आता डच बाजूला आहे: साधारण पाच वर्षांनी अर्ज करता येतो, पण जुनं नागरिकत्व सोडावं लागतं. डच जोडीदार असणाऱ्यांसारखे काही अपवाद आहेत. जर्मनीने जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व खुलं केलं, त्यामुळे काही जण त्यासाठी सीमा ओलांडून आखनला राहायला जातात. एवढ्यासाठी मुलांची भाषा पुन्हा बदलणं मला पटत नाही.

२७ एप्रिलला नारिंगी कपडे घालू की आपला झेंडा नेसू?

१९९४ च्या पहिल्या सर्ववर्णीय निवडणुकीच्या आठवणीचा दक्षिण आफ्रिकेचा स्वातंत्र्यदिन आणि इथला राजाचा वाढदिवस एकाच तारखेला येतो. सकाळी मुलांनी फुटपाथवर जुनी खेळणी विकायला मांडावी, संध्याकाळी ब्राय. बहुतेक घरांत असंच चालतं. कुणाला घरची फार आठवण आली तर ॲमस्टरडॅमच्या कैझर्सख्राख्त कालव्यावरच्या दक्षिण आफ्रिका भवनात जा, तिथलं ग्रंथालय उत्तम आहे.

आई-वडिलांना इकडे आणता येईल?

कायमचं, जवळजवळ नाही. नियम फार कडक आहेत. १८० दिवसांत ९० दिवसांच्या व्हिसावर येता येतं, त्यासाठी तुमचं हमीपत्र आणि त्यांचा प्रवास विमा लागतो. व्हिसाची मुलाखतीची वेळ सुट्ट्यांच्या आधी मिळत नाही, म्हणून डिसेंबरचा विचार ऑगस्टमध्येच करा. जमेची बाजू घड्याळाची आहे: उन्हाळ्यात दोन्हीकडे एकच वेळ, हिवाळ्यात फक्त एक तासाचा फरक. रोज रात्री जेवता जेवता फोन लावता येतो. पुण्याला लावायचा तर साडेतीन-साडेचार तास धरावे लागतात, आणि तिकडे तोवर सगळे झोपलेले असतात.